कोरडवाहू दम

हौसाक्का चौगुल्यांची तब्येत सांगलीवाडीत कुणी विचारत नसे. विचारलीच तर उत्तर ठरलेलं होतं, "तुझ्यापरास बरी हाय!" आणि बाई खोटं बोलत नसे. सत्तरी उलटली तरी पाठीला बाक नाही. भरली घागर कमरेवर घेऊन घाटाच्या पायऱ्या चढायची, वर आल्यावर वाटेत भेटलेल्या दोघांना बोलून घ्यायची आणि मग श्वास घ्यायची. शाळा तिसरीत सुटली. ती हिनं सोडली की मास्तरांनी सुटका करून घेतली, यावर गावात दोन मतं होती. महापूर ओसरल्यावर गाळताप आला, घरोघर माणसं आडवी झाली, पण अक्काला तापानं शिवलंसुद्धा नाही. "मला बघून त्योच थंडीनं कापायला लागला," असं ती सांगे.

नवऱ्यामागं घर, मळा आणि होडी तिनं एकहाती हाकली. होडी म्हणजे शर्यतीची. चौगुल्यांची होडी कृष्णेत उतरली की काठावरचे पैजवाले तोंडं मिटायचे. आधी नवरा त्या होडीत होता, मग मुलगा दिनकर, आणि बायकांच्या शर्यती सुरू झाल्यापासून नात, शिवन्या. विशीतली पोर होडीच्या तोंडाशी बसायची आणि तिच्या वल्ह्याच्या ठेक्यावर बाकीच्या ओढायच्या. शेवटच्या वळणावर दुसऱ्या होड्यांतल्या पोरी माना टाकायच्या, तेव्हा शिवूचा हात उलट तापायचा. मग घाटावरून आजी गळा काढून ओरडायची, "दम कुणाचा?"

"आज्जीचा!" होडीतून उत्तर यायचं.

त्या शिवूला गाळतापानं गाठलं. ताप उतरला, पण पोर उठेना. वेणी घालायला हात वर केला तरी धाप लागायची. मिरजेच्या दवाखान्यात तिला नेलं. नदीवाचून पोर सुकेल म्हणून अक्कानं पहिल्याच दिवशी कृष्णेच्या पाण्यानं भरलेला तांब्या तिच्या उशाशी ठेवला. रोज ताजं पाणी, रोज स्वतःच्या हातानं.

डॉक्टरीण रेश्मा मुजावर मिरजेचीच. तिनं घरच्यांना समोर बसवलं. अक्का, दिनकर आणि दिनकरची बायको प्रतीक्षा. लेकीची शुश्रूषा करता करता प्रतीक्षालाही तोच ताप येऊन गेला होता, भिंतीला टेकून बसली होती बिचारी.

"शिवन्याचं हृदय थकलंय," डॉक्टरीण म्हणाली. "तिला दमभरणी करावी लागेल."

दमभरणी हा लोकांनी पाडलेला शब्द. चार-सहा वर्षांत तो एसटीच्या स्टँडपर्यंत पोचला होता. धडधाकट माणसाच्या अंगातली शक्ती काढून आजाऱ्याच्या अंगात भरतात, एवढं सगळ्यांना माहीत होतं. अक्कानं बाही वर सारली.

"घ्या. कुठनं घ्यायचा त्यो घ्या. माझी नात, माझाच दम."

"अक्का, तुमचा चालणार नाही."

हौसाक्काला "चालणार नाही" हे दोन शब्द ऐकायची सवय नव्हती. तिनं मुलाकडं बघितलं, ह्या पोरीला मी कोण ते सांगितलं नाहीस का, अशा नजरेनं.

"नीट सांगते," डॉक्टरीण म्हणाली. "आपलं अंग पेशींचं बनलेलं असतं. एक पेशी म्हणजे एक घर समजा. घरात मधोमध एक पेटी, तिला केंद्रक म्हणतात. पेटीत घराण्याचे कागद असतात, निम्मे आईकडचे, निम्मे बापाकडचे. नाक कसं, रंग कसा, उंची किती, सगळं त्यात."

"आणि जीभ?" दिनकरनं हळूच विचारलं.

"बरंचसं त्यातच," डॉक्टरीण हसू दाबत म्हणाली. "पण पेटीवर स्वयंपाक होत नाही. त्यासाठी प्रत्येक घरात चुली असतात. त्यांना तंतुकणिका म्हणतात. जेवणातली साखर आणि श्वासातला प्राणवायू घेऊन त्या धगधगत असतात, जाळ नाही, धूर नाही. त्यातून निघणारी शक्ती डब्यात भरल्यासारखी पेशीभर वाटली जाते. त्या डब्यांना आम्ही एटीपी म्हणतो. हृदयाच्या एकेका पेशीत अशा हजारो चुली असतात, कारण हृदयाला सुट्टी नाही."

"मग तापानं काय केलं?"

"गाळतापाचा विषाणू. विषाणूला स्वतःची चूल नसते. त्याच्याकडं एवढाच हुकूम असतो, की माझ्यासारखे अजून करा. तो घरात शिरतो, तिथल्याच चुलीवर आपली पोरं पोसून घेतो आणि निघताना चुली फोडून जातो."

"आमच्या थोरल्या दिराचा मेव्हणा," अक्का म्हणाली. "वळखलं मी. पुढं सांगा."

"कातडीची पेशी मेली तर शेजारची दुभंगते, एकीच्या दोन होतात आणि जखम भरून येते. हृदयाच्या पेशी जवळजवळ दुभंगतच नाहीत. शिवन्याची घरं उभी आहेत, चुली विझल्यात. चांगल्या चुली आत नेऊन ठेवल्या तर त्या आपल्या आपण वाढतात, घर दुभंगायची वाट बघत नाहीत."

"त्येच म्हणती मी. माझ्या न्या की! पेटल्यात त्या सत्तर वर्सं."

"अक्का, फार फार जुन्या काळी ह्या चुली म्हणजे वेगळे जीव होते, जिवाणू. दुसऱ्याच्या घरात आले, राहिले आणि घर चालवायला लागले. पण त्यांचे स्वतःचे कागद त्यांनी अजून सोडले नाहीत. पेटीतले वेगळे, ह्यांचे वेगळे."

"सुनंसारखं," प्रतीक्षा भिंतीला टेकल्या टेकल्या म्हणाली.

अक्कानं तिच्याकडं असं बघितलं की बिचारीनं पदर सावरला.

"अगदी तसंच," डॉक्टरीण म्हणाली. "आणि ह्या चुली फक्त आईकडून येतात. बापाकडच्या येतात त्या गर्भात मोडल्या जातात. तुमच्या चुली दिनकरदादांपर्यंत आल्या. तिथं थांबल्या. शिवन्यात आहेत त्या तिच्या आईच्या, म्हणजे आईच्या आईच्या. चुली काढतात मांडीच्या स्नायूतून. तिच्या स्वतःच्या मांडीतल्याही तापानं गेल्या, आईच्याही गेल्या. राहिल्या त्या आईकडच्या आजीच्या. जतच्या."

हौसाक्काला एकच मुलगा. पायऱ्या चढणारा, पुरात होडी घालणारा, तापाला कापवणारा तो सगळा दम दिनकरच्या अंगात येऊन बसला होता आणि दिनकरपाशीच संपणार होता. चाळीस वर्षं घाटावर उभं राहून जे ओरडलं ते असं हवेत गेलं.

"तरीबी माझ्याच घाला," ती शेवटी म्हणाली. "कागदाचं कोण बघतंय!"

"शरीर बघतं. परकं म्हणून अंगावर येऊ शकतं. आणि शर्यतीचं तर विसराच, तो उसना दम ठरेल."

उसना दम! ही शिवी अक्कानंच घाटावर रुळवली होती. दमभरणी आली तशी शहरांतल्या पैसेवाल्या मंडळांनी डोंगरातल्या धडधाकट माणसांच्या चुली विकत आणून आपल्या वल्हेकऱ्यांत भरल्या होत्या. दोन मोसम नुसता बाजार. मग शर्यतीच्या समितीनं वल्हेकऱ्यांच्या स्नायूंतल्या पेशी तपासायला सुरुवात केली. नियम एकच. आजारपणात दम भरला तर हरकत नाही, पण तो आईच्या वाटेचा पाहिजे. नियम झाला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवणारी हौसाक्का होती. आता त्याच नियमानं तिचा दम तिच्याच नातीला परका आणि विहिणीचा सख्खा.

आणि विहीण कोण, तर जतची मालनताई.

जत म्हणजे दुष्काळी मुलूख. दिनकरनं कॉलेजात प्रतीक्षाला पसंत केलं, तेव्हा अक्का महिनाभर मुलाशी बोलली नव्हती. लग्नात रिवाजाप्रमाणं मुलीच्या आईनं वरमाईचे पाय धुवायला घेतले. मालनताई खाली बसून परातीत पाणी ओतत होती आणि पाटावरनं अक्का भर मांडवात म्हणाली होती, "जपून हो विहीणबाई! एवढ्या पाण्यात तुमच्या गावाचा आठवडा निघंल." मांडव हसून लोळला. ते वाक्य सांगलीवाडीत अजून चालायचं आणि मालनताईचं नाव पडलं ते पडलंच, कोरडवाहू विहीण. शिवू त्या नावावरच वाढली. त्यानंतर मालनताईनं सांगलीवाडीचा उंबरा ओलांडला नव्हता.

तरी निरोप गेला त्याच दिवशी, दुपारच्या आवाज न करणाऱ्या विजेच्या एसटीनं ती दवाखान्यात आली. काटकुळी, काळीसावळी, हातात पिशवी. दारातच म्हणाली, "पोर कुठं हाय? ही मांडी घ्या, न्हाईतर ती घ्या. दोन्ही घ्या."

पण सही पोरीची लागत होती. पोर सज्ञान. आणि पोर तोंड फिरवून बसली.

"मला नको."

"शिवू, अगं जिवाचा प्रश्न हाय," प्रतीक्षा रडकुंडीला आली.

"गोळ्यांवर राहीन. बसून राहीन. पण कोरडवाहू दम घेऊन मी होडीत बसू? पाण्याचं तोंड न बघितलेली माणसं ती! घाटावर उभी राहून आज्जी विचारणार, दम कुणाचा, आणि मी काय सांगू?"

मालनताई दारात उभीच होती. ती रागावली नाही. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि अक्काकडं बघून म्हणाली, "पोरीत चुली माझ्या असतील विहीणबाई, जीभ मात्र चोख तुमची उतरलीया. नको म्हणणाऱ्याच्या ताटात मी वाढत न्हाई." आणि गेली.

डॉक्टरीणबाईंनी अक्काला बाजूला घेतलं. "गोळ्यांवर पोर बसूनही राहणार नाही. हृदय रोज थोडं थोडं खाली चाललंय. उशीर केला तर चुली ठेवायला घरंही उरणार नाहीत."

हौसाक्का पायऱ्या उतरून खाली आली. फाटकाबाहेर स्टॉपच्या बाकड्यावर मालनताई जतच्या गाडीची वाट बघत बसली होती. अक्का शेजारी बसली. दोघी जणी समोरच्या रसवंतीकडं बघत राहिल्या. दोघींनाही बोलायला सुरुवात करायची सवय होती, पण अशी नव्हे.

"एक विचारू?" अक्का म्हणाली. "तुमच्याकडं पाणी कुठनं आणत हुता?"

"आणखी काय बोलायचं राहिलंय का?"

"बोलत न्हाई. विचारती."

मालनताईनं तिच्याकडं निरखून बघितलं. "टँकर आला न्हाई की खिंडीपल्याडच्या विहिरीवर. डोईवर दोन घागरी, कडंवर एक. प्रतीक्षा पोटात हुती तवाबी."

"भरल्या घागरी घिऊन खिंड चढायची?"

"मग काय रिकाम्या आणायच्या?"

"मधी टेकायचं कुठं?"

"टेकायचं न्हाई. टेकलं की पुन्हा उठवत न्हाई. खिंड दिसली की उलट पाय उचलायचा. लई दमल्यावर हळू चालणारा मरतो, विहीणबाई. लई दमल्यावर पळायचं असतं."

हौसाक्काच्या डोळ्यांसमोर शेवटचं वळण आलं. बाकीच्या पोरींनी टाकलेल्या माना आणि शिवूचा तो तापलेला हात. चाळीस वर्षं शर्यती बघितलेली बाई ती. असली वल्ही तिनं दुसऱ्या कुणाची बघितली नव्हती. नवऱ्याची नाही, दिनकरचीही नाही. आणि खरं सांगायचं तर ती स्वतःसुद्धा घाटाच्या पायऱ्या एकाच घागरीनं चढायची.

समोर गाडी लागली. मालनताई उठली. अक्कानं तिचं मनगट धरलं.

"चला वर."

"कशाला? पोर नको म्हणती."

"पोरीनं आजवर माझं ऐकलंय. आता माझं बघू दे."

वॉर्डात पोचल्यावर अक्कानं पहिली हाक उपाहारगृहाला घातली. "परात द्या रं एक! मोठी! कणकंची चालंल." परात आली. मालनताईला शिवूच्या खाटंसमोर स्टुलावर बसवलं. उशाशी ठेवलेला कृष्णेचा तांब्या उचलला आणि हौसाक्का चौगुले, जिनं कुणाच्या लग्नात कुणापुढं मान वाकवली नव्हती, ती फरशीवर गुडघे टेकून बसली.

"अहो आज्जी, इथं पाणी सांडायचं नाही!" नर्स धावत आली.

"सांडत न्हाई बाई, धुती. फरक कळत न्हाई तर बाजूला हो."

शेजारच्या खाटांवरचे पेशंट कोपरांवर उठून बघायला लागले. वरमाईनं मुलीच्या आईचे पाय धुतल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मालनताई पाय मागं घ्यायला लागली. अक्कानं घोटा घट्ट धरला.

"ऱ्हावा गप. भीक मागाय बसली न्हाई मी. हौसा चौगुले कुणाचे पाय धरत न्हाई. मानाचं माणूस भेटलं तर धुती." मग मान न वळवता नातीला म्हणाली, "शिवे, नीट बघ. ही भेग बघ, ही टाच बघ. तू घाटावर बोंबलून सांगतीस न्हवं आज्जीचा दम, त्यो ह्या टाचांवरनं खिंड चढून आलाय. आज्जीचाच हाय. ह्या आज्जीचा. पाण्यात बसून वल्हं मारणं सोपं हाय गं. ह्या बाईनं पाणी डोक्यावर घिऊन शर्यत मारलीया, आणि तिथं टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं."

पाणी ओतून झालं. अक्कानं आपल्या पदरानं पाय पुसले. मालनताईचे डोळे भरले होते, पण ती काही साधीसुधी बाई नव्हती. तिनं तांब्यात वाकून बघितलं.

"एवढंच व्हय? सांगलीत दुष्काळ पडला का काय, विहीणबाई?"

सगळ्यात आधी हौसाक्का हसली, फरशीवर बसल्या बसल्या, परात हलेपर्यंत. शेजारचे हसले, नर्स हसली. शिवूही हसली, इतकी की धाप लागून उशाचं यंत्र ओरडायला लागलं. धापेतच तिनं हात पुढं केला.

"कागद आणा. आणि ही आज्जी जतला जाऊन बसली तर मी परत आजारी पडीन."

मालनताईच्या मांडीतून हरभऱ्याएवढा स्नायूचा तुकडा काढला. शेजारच्याच खोलीत यंत्रानं तो घुसळला. ताकातून लोणी वर यावं तशा पेशी फुटून चुली वेगळ्या झाल्या आणि त्या निवायच्या आत बारीक नळीनं शिवूच्या हृदयात गेल्या. बाहेर बाकड्याशेजारी अक्का काचेला नाक लावून उभी होती. कुणी म्हणालं, बसा. ती म्हणाली, "टेकलं की उठवत न्हाई."

चुली लागल्या. एकदम नाही, आधी पोर वेणी घालायला लागली, मग जिना चढली, मग भांडली, तेव्हा घरच्यांना खात्री पटली. पुढचा मोसम तिचा काठावर बसून गेला. त्याच्या पुढच्या मोसमाला चौगुल्यांची होडी पाण्यात उतरली तेव्हा तोंडाशी शिवू होती. नारळ फोडायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. हौसाक्कानं नारळ हातात घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या मालनताईला दिला. मालनताईनं तो असा आपटला की पाणी पुजाऱ्याच्या अंगावर उडालं.

शेवटच्या वळणावर चार होड्या एका रेषेत होत्या. माना पडायला लागल्या. अक्का घाटाच्या शेवटच्या पायरीवर पाण्यात उतरून ओरडली, "दम कुणाचाऽऽ?"

होडीतून उत्तर आलं ते दोन्ही काठांनी ऐकलं, "जतचाऽऽ!"

आणि पोरीचा हात तापला. पुढं काय झालं ते सांगलीवाडीत कुणालाही विचारा.

होडी काठाला लागल्यावर गर्दीतून एक पैजवाला, हरलेला, खोचून म्हणाला, "अक्का, समदा दम जतचा निघाला. मग त्या पोरीत तुमचं काय राहिलं?"

"सून कुणी आणली?" अक्का कडाडली. "दम बघूनच आणली हुती." हे धादांत खोटं होतं. सगळ्या घाटाला माहीत होतं आणि सगळा घाट गप्प बसला. मालनताईनं फक्त पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात पलीकडच्या होडीतली पोर धापा टाकत शिवूला म्हणाली, "आज वारं तुमच्या बाजूनं होतं म्हणून."

शिवूनं वल्हं खांद्यावर टाकलं. "वाऱ्याला पण अक्कल असती. जिंकणाऱ्याच्याच होडीत बसतं."

हौसाक्का सावकाश त्या पैजवाल्याकडं वळली.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "दम तिकडचा. जीभ इकडची."